गाठी

आश्रयघराच्या कागदावर त्यांनी लिहिलं होतं:
मादी. वय चार. तब्येत ठणठणीत. स्वभाव शांत.
माझ्या कागदावर मी लिहिलं होतं:
घराला पायऱ्या आहेत, दोन-चार.

घर टेकाडावर, खाली काल्बुकोचं बंदर.
रस्त्यापासून दारापर्यंत सतरा पायऱ्या,
लाकडी, शेवाळलेल्या.
सतरा लिहिल्या असत्या
तर एकोणसत्तर वर्षांच्या बाईला
कुत्री कोण देतंय?

पहिल्या संध्याकाळी ती खालीच बसून राहिली.
म्हटलं, बुजली असेल.
उचलून वर आणली तर शेजारचा ओयार्सो
खिडकीतून ओरडला,
"एदेलमीरा, नवरी आणलीस की काय!"
मी धापा टाकत हसले,
ती हसली नाही.

नाव ठेवलं तुर्बा,
दलदलीतल्या काळ्या मातीचं.
हाक मारली तरी वळेना.
म्हटलं, नवं नाव आहे, पडेल अंगवळणी.
एकदा पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं,
मी दचकले, मांजर पळालं,
तुर्बा घोरत होती.
आणि खालून सामन माशांचा ट्रक गेला
तेव्हा, मला आवाज यायच्या आधी,
ती उठून उभी.
कान तिच्या पंजांत होते.

तरीही मी काही म्हटलं नाही.
कुणाला म्हणणार?

चाळीस वर्षं जाळी सांधली आहेत या हातांनी.
दिवा गेला तरी कळतं मला
कुठली गाठ माशांनी ताणली, कुठली खडकानं,
कुठली माझ्याआधी कुणीतरी
घाईत, थंडीत, बोटं बधिर असताना मारली.
तिसऱ्या आठवड्यात, चुलीपाशी,
तिच्या पोटाखालून हात फिरवताना
बोट अडलं.
वाटाण्याएवढं काहीतरी.
दोन बोटं पुढे आणखी एक.
परत मागे गेले, परत मोजलं,
जसं जाळं विकत घेणारा मोजतो,
दोष सापडू नये असं वाटत.

डॉक्टर कार्कामो माझ्या भाचीएवढी.
तिनं फोटो उजेडापुढे धरला.
खुबा कधीचा मोडलेला,
कुणी न बांधता आपला आपण सांधलेला, वाकडा.
मांडीत सात छर्रे,
जाड्या मिठाच्या खड्यांसारखे पांढरे.
दात पाहून म्हणाली, चार कसली, नऊ तरी.
ऐकू येत नाही, बहुधा कित्येक वर्षं.
गाठी काढायला लागतील, मग तपासायला पाठवू.
छर्रे राहू देत,
शरीरानं त्यांना जागा करून दिलीय.

मग हळूच: "त्यांनी फसवलं तुम्हाला.
परत घेतील, हवं तर मी बोलते."

तुर्बा टेबलावर उभी होती,
उजवा पाय थोडा उचलून, कुणाला दिसू नये इतकाच.
दुखणं असं लपवायला
तिला कुणी शिकवलं असेल?
दुखतंय हे दिसलं
तर काय होतं, ते माहीत असलेल्यांनीच.

मी म्हटलं, "पायऱ्या सतरा आहेत."
डॉक्टरला कळलं नाही.
"फॉर्मवर दोन-चार लिहिल्यात," मी म्हटलं,
"म्हणजे फिटंफाट झाली."

ओयार्सोनं मोडीत काढलेल्या होडीच्या
तीन फळ्या दिल्या, खिळे माझे.
पाय घसरू नये म्हणून वर जाळं ठोकलं,
वीतभर अंतरावर एकेक गाठ,
सगळ्या माझ्या हातच्या.
ती चढते, मध्यावर थांबते,
बंदराकडे पाहते, जणू दृश्यासाठीच थांबलीय.
मीही थांबते. गुडघ्याचं नाव काढत नाही.
हाक मारायची तर फळीवर टाच आपटते, दोनदा.
हेच आता तिचं नाव.

ऑपरेशन गुरुवारी. पैसे शरद ऋतूपर्यंत, हप्त्यांनी.
आज रात्रीपासून तिला खायला द्यायचं नाही.
मी बटाटे उकडलेत माझ्यापुरते,
आणि ती समोर बसून बघते आहे,
वाफेकडे, माझ्या तोंडाकडे,
वाफेकडे.
शेवटी ताट झाकून ठेवलं.
सकाळी दोघी उपाशीच जाऊ.